वेरुळात शिरलेली आगगाडी

एका सहल-कंपनीचं चार घड्यांचं गुळगुळीत पत्रक कित्येक महिने माझ्या टेबलावर पडून आहे, आणि ते रद्दीत टाकण्याचा धीर मला काही होत नाही. मुखपृष्ठावर वेरूळचं कैलास लेणं आहे. आणि त्याच्या प्रांगणातून, ध्वजस्तंभाला जवळजवळ खेटून, एक लखलखीत आगगाडी डौलदार वळण घेत आपल्याकडे येते आहे. सर्वसाधारण माणूस हे चित्र पाहतो, मागचं दरपत्रक पाहतो आणि घडी घालतो. पण छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकात फलाटाच्या अगदी टोकाला, गळ्यात कॅमेरा अडकवून ताटकळत उभ्या राहणाऱ्या एखाद्या रेल्वेवेड्याच्या हाती ते द्यावं आणि आपण बाजूला बसून पाहावं. मी तसं केलं, आणि समोरचे दोन्ही चहा गार झाले.

‘तार कुठंय?’ हा त्याचा पहिला उद्गार. इंजिनाच्या टपावरचा पेंटोग्राफ पूर्ण उभारलेला, आणि जिथे पंचवीस हजार व्होल्टची तार असायची तिथे नुसतं निळं आभाळ. गर्दीच्या लोकलमध्ये आधारासाठी वर केलेला हात कडी न सापडता तसाच अधांतरी राहावा, तसा तो पेंटोग्राफ बिचारा राहिला आहे. आपल्या मनमाड मार्गावर विजेची तार आली तीच अलीकडे. तोवर इथे डिझेलची घरघर. त्यामुळे नव्या खांबांचं आणि तारांचं कौतुक इथल्या डोळ्यांत अजून ताजं आहे, आणि तार पुसून टाकणारा हात त्यांना लगेच दिसतो.

इंजिनाचा क्रमांक आरशातल्यासारखा उलटा आहे, हे तर मलाही दिसलं. मग बोट खाली सरकलं, रुळांवर. गाडी आपली, ब्रॉडगेजची, म्हणजे रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. रूळ मात्र कुठल्याशा युरोपीय छायाचित्रातले, १४३५चे. चाकं बाहेरच्या बाजूला हवेत लटकतात. फरक केवढा, तर साधारण एका वितेचा! पण ही वीत काय चीज आहे हे या गावाला विचारावं. इथे १९०० साली रेल्वे आली ती निजामाच्या अमलातली, मीटरगेजची. आणि नव्वदच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत मुंबईला जाणारा माणूस मनमाडला वळकटी, ट्रंक आणि पोरं घेऊन गाडी बदलत होता.

आता आपण कैलासाच्या त्या प्रांगणात उतरू, कारण खरी मौज तिथे आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत नेला आणि त्या खोदलेल्या पोकळीत मंदिर उभं राहिलं. ते बांधलं नाही, मोकळं केलं. ही पोकळी लांबीला सुमारे ८० मीटर. माझ्या या रेल्वेवेड्या मित्रानं पत्रकाच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं हिशेब मांडला: विजेचं इंजिन साडेवीस मीटर, पुढचा एकेक डबा जवळपास चोवीस. इंजिन आणि दोन डबे कसेबसे मावतात. तिसरा गोपुराच्या दारात अडकतो. हत्ती हलवायचे नाहीत आणि नंदीलाही उठवायचं नाही, ही अट धरूनच. हसता हसता माझ्या ध्यानात आलं की इतक्या वेळा वेरूळला जाऊनही त्या प्रांगणाची लांबी मला आज पहिल्यांदा कळली, आणि ती रेल्वेच्या डब्यांत मोजल्यामुळे कायमची कळली.

आणि उजेड! वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख. दुपार कलली की तिरपं ऊन कड्यावर चढतं आणि काळा पाषाण मधाच्या रंगाकडे झुकू लागतो. पत्रकातलं मंदिर बरोबर त्याच घटकेचं आहे, कुणा जाणकारानं वाट पाहून टिपलेलं. गाडीवरचं ऊन मात्र समोरच्या दिशेचं, कोवळं, आणि तिची सावली मंदिरावर पडणाऱ्या उन्हाला छेद देत थेट उलटी पडलेली. म्हणजे एकाच चौकटीत मंदिरावर संध्याकाळ आहे आणि गाडीवर सकाळ. ज्यानं हे दोन तुकडे चिकटवले त्याला दोन्ही सुंदर वाटले असणार, आणि ते आहेतही. फक्त त्यांचा सूर्य वेगळा आहे.

शेवटची खूण डब्यांची. दर तिसऱ्या डब्यात, चौथ्या खिडकीत, तोच अर्धवट ओढलेला पडदा आणि पडद्याची तीच एक सुटलेली चुणी. मला एकदम अजिंठ्याचं सतरावं लेणं आठवलं. तिथे वेस्संतर जातकाच्या भित्तिचित्रात तोच राजपुत्र एका भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो. पण प्रत्येक भेटीत त्याच्याजवळून काहीतरी गेलेलं असतं, घोडे गेलेले असतात, रथ गेलेला असतो. आपला पडदा तसाच्या तसा परत येतो. चित्रकार आणि चिकटवणारा यांच्यातलं अंतर त्या चुणीएवढं आहे, असं मी म्हणालो. मित्राला अजिंठ्यात फारसा रस नसावा. तो म्हणाला, ‘डब्यांना वीज पुरवणारी पॉवर कारही विसरलेत.’

वेरूळला रेल्वे नाही. संभाजीनगर स्थानकापासून ते तीसेक किलोमीटर रस्त्यानं जावं लागतं. २००४ पासूनच्या डेक्कन ओडिसीसारख्या राजेशाही गाडीचे पाहुणेही इथे उतरून मोटारीनंच लेण्यांकडे जातात. पण गाडी आणि देवगिरीचा किल्ला एका चौकटीत हवे असतील, तर ते चित्र कात्रीशिवाय मिळतं. त्या किल्ल्याचं नाव मिरवणारी देवगिरी एक्सप्रेस तिथून जाते ती रात्रीच्या अंधारात, हा जरा विनोदच. म्हणून आपण मुंबईहून तपोवन एक्सप्रेसनं या, हिवाळ्यात या. पोटूळ स्थानक गेलं की दुपारचा सूर्य उजव्या खिडक्यांच्या बाजूला असतो. आपण डावीकडची खिडकी धरा.