जो नाही, त्याचं कव्हर कसं करायचं?

आज एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. गाण्याचा अर्थ रेकॉर्डच्या कव्हरवर आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमच्यापैकी काहींच्या घरी एके काळी रेकॉर्डी असतील. त्यांची कव्हरं आठवून बघा. सिनेमाची रेकॉर्ड असेल तर नायक-नायिका, म्हणजे पोस्टरच चौकोनात बसवलेलं. भावगीतं असतील तर गायकाचा नाहीतर गायिकेचा फोटो. भक्तिगीतं असतील तर देवाची मूर्ती. यात वाईट काही नाही. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला लगेच कळतं. पण हे कव्हर गाणं कोणाचं आहे ते सांगतं, गाणं काय म्हणतं ते सांगत नाही. दुसरी पद्धत शब्दांच्या मागे धावण्याची. गाण्यात चंद्र आला की चंद्र काढायचा, पाऊस आला की छत्री. याला आम्ही अर्थ म्हणत नाही, ही यादी झाली.

तिसरी एक वाट आहे, आणि ती दाखवायला आम्ही एकच रेकॉर्ड निवडली आहे. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडची, सप्टेंबर 1975 मध्ये आलेली 'विश यू वेअर हिअर'. तू इथे असायला हवा होतास, असं त्या नावाचं साधं मराठी होईल.

आधी गाण्यांकडे बघू. रेकॉर्डवर मोजून पाच गाणी. त्यातलं सगळ्यात मोठं, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', दोन तुकड्यांत विभागलेलं, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. ते सिड बॅरेटबद्दल आहे. बॅरेट हा बँडचा सुरुवातीचा गायक आणि गीतकार. त्याची मानसिक अवस्था ढासळत गेली आणि 1968 मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. मधली दोन गाणी, 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार', संगीताच्या धंद्याबद्दल आहेत. खांद्यावर हात टाकून गोड बोलणारी, पण समोरच्याला माणूस म्हणून न बघणारी मंडळी त्यात येतात. म्हणजे इथे 'नसणं' दोन प्रकारचं आहे. एक, मित्र गेला त्याचं. दुसरं, माणूस समोर बसलेला आहे, हस्तांदोलन करतोय, आणि तरीही तिथे नाही.

हे नुसतं शब्दांत नाही, आवाजातही आहे. शीर्षकगीताची सुरुवात आठवा. पहिली गिटार जुन्या रेडिओतून येतेय अशी, बारीक आणि लांबची. मग दुसरी गिटार येते, अगदी आपल्या खोलीतली, कानाजवळची. कोणीतरी एकटा बसून रेडिओबरोबर वाजवतोय असं वाटतं. दोघं एकाच सुरात आहेत, पण एका जागी नाहीत. गाण्याचा सगळा अर्थ शब्द सुरू व्हायच्या आधीच होऊन जातो.

आता कव्हर. ते केलं हिप्नोसिस या लंडनच्या स्टुडिओने, म्हणजे स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी. थॉर्गरसन केंब्रिजचा, बॅरेटच्याच शाळेतला. बॅरेटने पुढे 1970 मध्ये एकट्याने 'द मॅडकॅप लाफ्स' ही रेकॉर्ड काढली, तिच्या कव्हरचं कामही थॉर्गरसनने केलं होतं. त्यावर बॅरेट स्वतः आहे. जवळजवळ रिकामी खोली, पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेली जमीन, आणि तिथे उकिडवा बसलेला तो. म्हणजे या माणसाला बॅरेटचा चेहरा दाखवणं सगळ्यात सोपं होतं. तरी 1975 मध्ये त्याने तो दाखवला नाही. आमच्या मते या कव्हरचा पहिला मोठा निर्णय हाच. हरवलेल्या मित्राचा फोटो छापला की तो पुन्हा हजर होतो, आणि गाणं तर म्हणतंय की तो हजर नाही.

याच रेकॉर्डचं काम चालू असताना, जून 1975 मध्ये, बॅरेट अचानक ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. वजन वाढलेलं, डोकं आणि भुवया सफाचट केलेल्या. जुन्या मित्रांनी त्याला पटकन ओळखलंही नाही. समोर असून नसणं म्हणजे काय, ते यापेक्षा वेगळं कसं सांगायचं?

मग कव्हरवर काय आहे? बर्बँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचं आवार. सूट घातलेले दोन पुरुष हस्तांदोलन करतायत. त्यातला एक पेटलेला आहे, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाहीये. इंग्रजीत व्यवहारात फसलेल्या माणसाला भाजला म्हणतात. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही, कारण आपलेही व्यवहारात हात पोळतात. आणि एकदा पोळलेला माणूस पुढच्या वेळी हात पुढे करताना स्वतःला आखडून घेतो. गाण्यातलं दुसरं नसणं इथूनच येतं.

ही आग खरी होती. रॉनी रॉन्डेल या स्टंटमनने सुटाखाली आगीपासून जपणारे कपडे घातले होते, डोक्यावर विग होता. वाऱ्याने दिशा बदलली, ज्वाळा तोंडावर आल्या आणि त्याची मिशी जळाली. आग नंतर चिकटवता आली असती ना? आली असती. पण विषय खोट्या आपुलकीचा असताना आगही खोटी, तर मग कव्हरच त्या हस्तांदोलनात सामील झालं असतं.

पण आमच्या दृष्टीने खरी करामत याच्याही पुढची आहे. एवढी मेहनत करून काढलेलं हे चित्र त्यांनी झाकून टाकलं. दुकानात रेकॉर्ड आली ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वर फक्त जॉर्ज हार्डीने काढलेलं एक स्टिकर, दोन यांत्रिक हातांचं हस्तांदोलन. कव्हर आहे, पण दिसत नाही! बघायचं असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने प्लास्टिक फाडा. काही चाहत्यांनी म्हणे कडेला चीर देऊन नुसती रेकॉर्ड बाहेर काढली, काळं वेष्टन तसंच ठेवलं. हे चित्र नसण्याबद्दल बोलत नाही, ते तुम्हाला नसण्याचा अनुभव देतं. तिसरी वाट म्हणतो ती हीच. अर्थ काढून दाखवायचा नाही, बघणाऱ्याकडून तो करवून घ्यायचा.

आता टीकाही केली पाहिजे. मागच्या बाजूला वाळवंटात एक विक्रेता उभा आहे. त्याला चेहरा नाही, मनगटं नाहीत, घोटे नाहीत, नुसता पोकळ सूट. आमच्या मते इथे कव्हर घसरतं. धंदेवाईक माणूस आतून रिकामा असतो, हे इथे सरळ सांगून टाकलंय, कीर्तनकाराने गोष्ट झाल्यावर तात्पर्य सांगावं तसं. याउलट आत मिळणारं पोस्टकार्ड घ्या. कॅलिफोर्नियातलं मोनो सरोवर, पाण्यात डोक्यावर सूर मारलेला माणूस, वर फक्त पाय. आणि पाण्यावर एकही तरंग नाही. तो आला, पण त्याच्या येण्याने काही हललं नाही. यात तात्पर्य नाही, म्हणून ते डोक्यातून जात नाही. शिवाय चित्र पोस्टकार्डावर आहे हेही बघा. तू इथे असायला हवा होतास हे वाक्य इंग्रज माणूस सहलीच्या पोस्टकार्डावर, बहुतेक वेळा सवयीने लिहितो. झिजलेल्या त्या वाक्यात इथे पुन्हा जीव आलाय.

कोणी म्हणेल, धंद्यावर टीका करणारी रेकॉर्ड कुतूहल चाळवून विकली, हाही धंदाच. बरोबर आहे. झाकलेली वस्तू जास्त खपते हे बाजाराला कायम माहीत असतं. आम्ही एवढंच म्हणू की हा दोष गाण्यांनाही लागू आहे. 'हॅव अ सिगार'सुद्धा विकायलाच काढलं होतं.

खरं नुकसान वेगळंच आहे. आज ते प्लास्टिक नाही. फोनवर नखाएवढ्या चौकोनात दोन माणसं दिसतात, एक पेटलेला, आणि आपण बोट टेकवून पुढे जातो. चित्र उरलं, फाडणं गेलं. म्हणजे उरला तो कव्हरचा निम्माच अर्थ.

म्हणून इथे जी डिझाइन शिकणारी मुलंमुली बसली आहेत, त्यांना एक विनंती. गाणं हातात आलं की त्यातल्या वस्तूंची यादी करू नका. गाणं ऐकणाऱ्याचं काय करतं ते विचारा, आणि तुमच्या चौकोनाने, तो नखाएवढा असला तरी, तेच कसं करता येईल ते शोधा. फोनच्या पडद्यावर काळं प्लास्टिक कसं गुंडाळायचं, याचं उत्तर आमच्याकडे नाही. ते तुमच्यापैकी कोणीतरी काढावं.

आता प्रश्न घेऊ.