गोरोबांची माती आणि नीत्शेचा प्रश्न

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यानें १८८२ सालीं ‘आनंदी विद्या’ अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें वाचकास असें विचारिलें आहे कीं, हेंच आयुष्य, तिळमात्र फरक न होतां, अनंत वेळां जगावें लागेल असें एखाद्या पिशाच्चानें येऊन सांगितलें, तर आपण त्यास शाप देऊं कीं त्याचे पाय धरूं?

‘यांत नवें तें काय? आमचा पुनर्जन्म तो हाच!’ असें म्हणून आपल्यांतील सुशिक्षित मोकळे होतात. आमच्या मतें ही मोठी गफलत होय. पुनर्जन्मांत चूक सुधारावयास दुसरा देह मिळतो. आपल्या पुराणांतील ४३२ कोटी वर्षांचे कल्प एकामागून एक येत असले, तरी जीवाला मोक्षाची वाट मोकळी असते. नीत्शेच्या चक्रांत ती नाहीं. तेथें झालेली चूक त्याच दिवशीं, त्याच हातून पुनः व्हावयाचीच.

हा भेद समजण्यास फार लांब जावयास नको. धाराशिव जिल्ह्यांतील तेरणाकांठचें तेर हें संत गोरोबा कुंभारांचें गांव. पत्नी मुलास त्यांच्याजवळ ठेवून पाण्यास गेली आणि भजनांत देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखालीं चिखलाबरोबर तें मूलहि तुडविलें गेलें, ही कथा न ऐकलेलें मराठी घर विरळा. श्रोते दर कीर्तनांत तोच चिखल पाहतात आणि दर वेळीं रडतात. मात्र त्यांना तेथेंच सोडून देणें बुवांच्या जिवावर येतें. पुढें पंढरपुरीं मूल परत मिळतें.

भक्तिकथेस हा शेवट शोभतो. आमचा त्यास आक्षेप नाहीं. परंतु नीत्शेचा प्रश्न त्या शेवटाच्या अलीकडे उभा आहे. मूल परत मिळणार नसतां तो दिवस पुनः हवा काय? ‘होय’ म्हणण्याइतकें आयुष्यावर प्रेम असावें, हा नीत्शेचा आदर्श. विशीचे विद्यार्थी वर्गांत तसें चटकन् म्हणतातहि. पन्नाशी उलटलेल्या आम्हांस तें अद्याप साधलेलें नाहीं. आणि नीत्शेनें तें उत्तर स्वतःपुरतें द्यावें. त्या माउलीच्या वतीनें देण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला? तिला तो दिवस खचित पुनः हवा असेल, पण पाण्यास जातांना मुलास कडेवर घेण्यापुरता. आणि नीत्शेच्या चक्रांत एवढाच फरक करतां येत नाहीं.