भांग, गांजा आणि लोकमताची भाषा : झाशीच्या संदर्भात एक तौलनिक वाचन

मारिजुआनाला कायदेशीर मान्यता असावी काय, या प्रश्नावरील लोकमताची आधुनिक चर्चा मुख्यतः अमेरिकेत आकाराला आली. तेथील गॅलप या संस्थेने १९६९ साली हा प्रश्न प्रथम विचारला, तेव्हा १२ टक्के लोकांनी मान्यतेच्या बाजूने कौल दिला; २०२३ साली हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. ही चर्चा भारतीय वृत्तपत्रांत आली ती त्याच शब्दासह आणि त्याच प्रश्नरूपात. परंतु मेक्सिकोतील स्पॅनिशमधून इंग्रजीत गेलेला हा शब्द ज्या वनस्पतीचा निर्देश करतो, तिच्यासाठी हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत एकच नाव पुरत नाही. पानांची ती भांग, मादी झाडाच्या राळयुक्त फुलोऱ्याचा तो गांजा आणि वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. ही तीन नावे परस्परांचे पर्याय नाहीत. भांग घोटून प्यायली जाते, गांजा चिलमीतून ओढला जातो. भांगेला सणावारी घरात जागा मिळते, गांजाला ती सहसा मिळत नाही. तेव्हा 'लोकांचा पाठिंबा आहे काय?' असे विचारण्यापूर्वी तो कोणत्या नामाला विचारला जात आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. लोकमताचा प्रश्न येथे प्रथम भाषेचा आणि त्यानंतर साक्षीच्या स्वरूपाचा प्रश्न बनतो.

या दृष्टीने झाशी हे स्थळ अभ्यासाला सोयीचे आहे. नेवाळकरांच्या राज्यामुळे येथे मराठी घराणी स्थिरावली. भोवतालची लोकभाषा बुंदेली राहिली. १८६१ मध्ये झाशीचे शहर व किल्ला शिंद्यांकडे गेला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात तो पुन्हा ब्रिटिश अमलाखाली आला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १८९३ साली, भारत सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले. अशा रीतीने दोन वाङ्मयपरंपरांच्या सीमेवरील हे शहर, या वनस्पतीविषयी भारतात झालेल्या सर्वांत विस्तृत चौकशीच्या वेळी, वायव्य प्रांताचा भाग होते.

या चौकशीचे मूळ लंडनमध्ये होते. मद्यपानविरोधी चळवळीतील विल्यम स्प्रोस्टन केन यांनी मार्च १८९३ मध्ये कॉमन्स सभागृहात प्रश्न विचारला. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १,१९३ साक्षीदारांची मते घेतली आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सिद्ध केला. माफक सेवनाने शारीरिक, मानसिक वा नैतिक हानी होत असल्याचे सिद्ध होत नाही. सर्वंकष बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही. पुरेसा कर, परवान्याने लागवड, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा, हे उपाय पुरेसे आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन भारतीय सदस्यांनी बहुमताशी असहमती नोंदवली. त्यांपैकी लाला निहालचंद हे मुझफ्फरनगरचे, म्हणजे झाशी ज्या प्रांतात होती त्याच प्रांतातील होते. 'परके सरकार बंदीच्या बाजूचे आणि देशी समाज मान्यतेच्या बाजूचा' हे सोपे समीकरण या एका तपशिलानेच अडखळते.

मान्यतेच्या समर्थनार्थ आज हा अहवाल वारंवार उद्धृत केला जातो. तथापि संहिता म्हणून त्याचे वाचन क्वचितच होते. आयोगाने साक्षीदारांना छापील प्रश्नावली दिली होती. बंदी घातल्यास सेवन करणाऱ्यांत गंभीर असंतोष पसरेल काय, तो राजकीय धोक्याचे रूप घेईल काय, लोक दारूकडे वळतील काय, असे प्रश्न तीत होते. लोकांचा पाठिंबा येथे पाठिंबा म्हणून विचारलाच गेला नाही. तो संभाव्य 'असंतोष' म्हणून अजमावला गेला. १८५७ पाहिलेल्या प्रदेशांत राज्यकर्त्यांना या शब्दाचे वजन काय वाटत असेल, हे सांगण्याची गरज नाही. दुसरे असे की, साक्षीदारांमध्ये अधिकारी, वैद्यकीय व्यावसायिक आणि प्रतिष्ठित नागरिक यांचे वर्चस्व असल्याने, सेवन करणारा माणूस या खंडांत बहुधा तृतीय पुरुषात येतो. साधू, मजूर, कोळी, पालखीचे भोई अशा वर्गनामांनी त्याचे वर्णन होते. त्याच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. तो स्वतः क्वचित बोलतो.

या रिकाम्या जागी आयोगाने काही अंशी साहित्याला बोलावले, ही तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय. जॉर्ज ग्रियर्सन यांचे संस्कृत व हिंदी वाङ्मयातील या वनस्पतीच्या उल्लेखांविषयीचे टिपण आणि मुंबईच्या जे. एम. कॅम्बेल यांचे भांगेच्या धर्मविषयक स्थानाचे टिपण, ही दोन्ही अहवालाला जोडलेली आहेत. अथर्ववेदापासूनच्या उल्लेखांची मालिका एका अर्थी साक्षीदार म्हणून उभी केली गेली. प्राचीनता आणि शिवोपासनेशी असलेला संबंध यांमुळे वापराला प्रतिष्ठा मिळते आणि बंदी ही धर्मात ढवळाढवळ ठरते, असा युक्तिवाद त्यातून बळावला. परंतु ग्रियर्सन यांच्या शीर्षकातच मर्यादा नोंदलेली आहे: संस्कृत आणि हिंदी. मराठी वाङ्मयाची साक्ष तेथे नाही. पुढे ज्यांनी भाषिक सर्वेक्षणाच्या खंडांत मराठी आणि बुंदेली या दोहोंची नोंद केली, त्याच अभ्यासकाच्या टिपणात ही उणीव असावी, हे लक्षणीय आहे.

मराठीची साक्ष झाली असती, तर ती आयोगाच्या निष्कर्षाला तितकीशी अनुकूल ठरली नसती. तुकोबांच्या गाथेतील कलियुगातल्या दांभिक संतांवरचा अभंग या संदर्भात विचारात घ्यावा लागतो. तंबाखूची नळी आणि भांग यांना तेथे स्नानसंध्या सोडून दिलेल्या सोंगाची लक्षणे मानले आहे. कॅम्बेल यांच्या टिपणात जी भांग दैवताच्या सान्निध्याने पवित्र होते, तीच येथे भक्तीच्या नावाखालील ढोंग उघडे पाडते. दोन्ही साक्षी धार्मिक आहेत आणि दोन्ही लोकमान्य आहेत. 'हिंदू परंपरेचा भांगेला पाठिंबा आहे' असे सरसकट विधान करणाऱ्याला वारकरी परंपरेतील हा विरोध वगळूनच पुढे जावे लागेल. मात्र या अभंगाचा रोख पदार्थावर आहे की सोंगावर, हाही प्रश्न विचारावयास हवा. त्यातील निषेध साधुत्वाच्या वेषाचा आहे. थकलेल्या कष्टकऱ्याच्या चिलमीवर त्यात भाष्य नाही, आणि बंदीचा पुरस्कार करण्यासाठी त्याचा आधार घेणे हेही अतिव्याप्तीचे होईल.

म्हणींचा पुरावा याहून अधिक बोलका आहे. मराठीत कुलीन घराण्यात निपजलेल्या कुपुत्राला 'तुळशीत भांग' म्हणतात आणि उलट परिस्थितीत 'भांगेत तुळस'. येथे भांग तुळशीवृंदावनाच्या विरुद्ध टोकाला आहे. ती अंगणात उगवू नये असे रोप आहे. हिंदीत मात्र कमालीचे दारिद्र्य सांगताना 'घर में भूँजी भाँग न होना' असा वाक्प्रचार येतो. घरात दुसरे काही नसले तरी भाजलेली भांग तरी असावी, हे त्याचे गृहीतक आहे. एका भाषेत भांग घराची अप्रतिष्ठा करते, दुसऱ्या भाषेत ती घरातल्या चीजवस्तूंचा शेवटचा अवशेष आहे. यावरून हिंदीभाषक अनुकूल आणि मराठीभाषक प्रतिकूल, अशी विभागणी करता येणार नाही. सगळ्यांचीच बुद्धी फिरली असता 'कुएँ में भाँग पड़ी है' असे म्हणणारी भाषाही हिंदीच आहे, आणि महाशिवरात्रीचा घोटा मराठी मुलखालाही अपरिचित नाही. फरक संमती-असंमतीचा नसून स्थानाचा आहे: वस्तू उंबरठ्याच्या आत मोजायची की बाहेर. झाशीतील मराठी कुटुंबाच्या कानावर या दोन्ही भाषांचे वाक्प्रचार येऊ शकतात. होळीच्या फागांचा बुंदेली मुलूख आणि तुळशीवृंदावनाचे संस्कार यांच्यामध्ये वावरणाऱ्या माणसाचे 'मत' हो किंवा नाही या दोन रकान्यांत मावेल, असे मानणे कठीण आहे.

झाशीच्या मराठी लेखनाशी तुलना केली असता प्रथमपुरुषी साक्षीचा अभाव अधिक स्पष्ट होतो. हेम्प कमिशनचा अहवाल सिद्ध झाला त्याच १८९४ साली दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध झाले. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे झाशीच्या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी निवेदन चिंतामण विनायक वैद्य यांनी संस्कारित रूपात १९०७ साली छापले, आणि हस्तलिखिताबरहुकूम मूळ पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली उपलब्ध झाला. सत्तेच्या दृष्टीने अडचणीची साक्ष प्रथम संपादकाच्या हातून सौम्य होऊन येते आणि दीर्घ काळानंतर स्वतःच्या शब्दांत परत मिळते, असा हा इतिहास आहे. गोडसे भटजींना वही लिहिता येत होती. चिलीम ओढणाऱ्या मजुराजवळ अशी वही नव्हती. त्याच्या बाबतीत संस्कारित पाठच शिल्लक आहे, मूळ पाठाची अपेक्षा करता येत नाही. मराठी ललित साहित्यानेही ही उणीव फारशी भरून काढलेली नाही. व्यसनाची शोकांतिका मराठी रंगभूमीने लिहिली ती राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'मध्ये, आणि ती दारूची आहे. सुधाकराच्या वाट्याला आलेले गांभीर्य गांजेकसाच्या वाट्याला आले नाही. बोलीत 'गांजेकस' आणि 'चरशी' हे हेटाळणीचेच शब्द राहिले.

भाषेतील या उतरंडीचे कायद्याशी असलेले नाते १९८५च्या अधिनियमात दिसते. १९६१च्या आंतरराष्ट्रीय एकल कराराने 'कॅनाबिस'ची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती केली आणि नुसती पाने तिच्याबाहेर ठेवली. भारताच्या अमली पदार्थविषयक अधिनियमाने हीच रेषा स्वीकारली. परिणामी गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत गेले. भांग राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे राहिली. उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, आणि २०२५-२६च्या अबकारी धोरणानुसार देशी दारूच्या दुकानांप्रमाणे त्यांचेही वाटप ई-लॉटरीने झाले. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय भांग बाळगणे वा सेवन करणे वर्ज्य आहे. त्याच मुंबई राज्याचा वारसा असलेल्या गुजरातने २०१७ साली भांग मादक द्रव्यांच्या व्याख्येतून वगळली. म्हणजे झाशीत सरकारी फलकाखाली मिळणारी वस्तू पुण्यात गुन्ह्याचा विषय होते, आणि झाशीतही तिच्याच झाडाचा शेंडा जवळ सापडला तर कारावास होऊ शकतो.

ही रेषा वनस्पतिशास्त्राने आखलेली नाही. फुलोऱ्यात मादक द्रव्याचे प्रमाण पानांपेक्षा अधिक असते, हे खरे. पण अधिक तीव्र मद्य आणि कमी तीव्र मद्य यांच्यात कायदा कराचा फरक करतो, एकाला दुकान आणि दुसऱ्याला तुरुंग देत नाही. सणाला घोटा घेणाऱ्या गृहस्थाची सवय परंपरा म्हणून बाजूला काढली गेली आणि चिलमीची सवय गुन्हा ठरली. आयोगाच्या खंडांत जो तृतीय पुरुषात होता, तोच या विभागणीत आरोपीच्या जागी आला. म्हणून मान्यतेला लोकांचा पाठिंबा आहे काय, या प्रश्नाचे एक उत्तर झाशीसारख्या शहरात आधीच दिलेले आहे: भांगेच्या रूपाने मान्यता अस्तित्वात आहे आणि तिच्याविरुद्ध मोठे जनमत उभे राहिलेले नाही. मात्र ही संमती गांजापर्यंत पोहोचत नाही; दोघांना वेगळी नावे असल्यामुळे तिला पोहोचावेही लागत नाही.

उपलब्ध आकडेवारी या वाचनाला मर्यादित आधार देते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, मागील वर्षभरात या वनस्पतीचा कोणताही पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३.१ कोटी, म्हणजे १० ते ७५ वयोगटाच्या २.८ टक्के, आढळली. त्यांपैकी भांग घेणारे सुमारे २.२ कोटी आणि गांजा वा चरस घेणारे सुमारे १.३ कोटी होते. सरासरीपेक्षा अधिक प्रमाण असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेशाचा समावेश आहे. सर्वेक्षणकर्त्यांनी देशी नावांचा भेद जपला, ही त्याची जमेची बाजू. पण हे सेवनाचे मोजमाप आहे, मताचे नव्हे. सेवन न करणारा मान्यतेच्या बाजूचा असू शकतो, आणि सेवन करणाराही आपल्या मुलाबाबत बंदीचा आग्रह धरू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला सर्वांत कडक अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. तेही राज्यसंस्थेचे मत होते. त्यामागे झाशीच्या वा अन्य कोणत्या शहराच्या जनतेला विचारलेला प्रश्न नव्हता.

तौलनिक साहित्याभ्यासाला या वादात बंदीचा किंवा मान्यतेचा निवाडा द्यावयाचा नाही. परंतु दोन गोष्टी त्याने आग्रहाने मांडल्या पाहिजेत. साहित्याला साक्षीला बोलावताना त्याची निवड कोणी केली, हे सांगितले गेले पाहिजे: अथर्ववेद आणि शिवमाहात्म्य यांच्याबरोबर गाथाही उघडली पाहिजे, आणि गाथा उघडल्यावर तिला फौजदारी कायद्याची संहिता मानता कामा नये. तसेच झाशीत उद्या हा प्रश्न विचारला जाणार असेल, तर तो 'मारिजुआना' या एकाच नामाने विचारू नये. भांग, गांजा आणि चरस यांविषयी तो वेगवेगळा विचारावा लागेल, बुंदेलीत आणि मराठीत विचारावा लागेल, आणि ज्याच्या हातात चिलीम आहे त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे लागेल. १८९४च्या सात खंडांत न झालेले हे काम अद्याप शिल्लक आहे.