‘वॉयत्सेक’: वेड आणि सुरी

गेओर्ग ब्यूख्नर १८३७ साली वारला तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. ‘वॉयत्सेक’ हे त्याचे जर्मन नाटक अपुरेच राहिले. त्यामागे एक घडलेला खटला आहे. लाइपझिग येथे १८२१ साली योहान वॉयत्सेक या माजी सैनिकाने एका विधवेचा खून केला. त्याला आवाज ऐकू येत असत. तरीही डॉ. क्लारूस यांनी तो आपल्या कृत्यास जबाबदार असल्याचा निर्वाळा दिला आणि १८२४ मध्ये भर चौकात त्याचा शिरच्छेद झाला.

नाटकात खटल्याचा प्रवेश नाही. डॉक्टर मात्र आहे. वॉयत्सेकला नुसते वाटाणे खाऊ घालून तो प्रयोग करतो आणि त्याचे भ्रम पाहून हरखतो. रोगाचे नाव त्याला ठाऊक आहे, रोग्याची कणव नाही. पुढे पिस्तूल परवडत नाही म्हणून वॉयत्सेक सुरी विकत घेतो. कृत्याचे स्वरूप वा गैरपणा मनोविकारामुळे आरोपीला कळत नव्हता काय, ही आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ ची कसोटी. तिच्यापुढे ही खरेदीच त्याच्या विरोधात साक्ष देईल. आम्हांस हा प्रवेश सर्वांत अस्वस्थ करतो.

वेड्याची कीव करताना ब्यूख्नर बळी पडलेल्या मारीला विसरत नाही. शुभवर्तमानातील व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग ती वाचते, पण तिला प्रार्थना जमत नाही.