अपुऱ्या घराची कैफियत

नवी मुंबईतील बामणडोंगरी येथे 2022 साली, हे नगर वसविणाऱ्या सिडको या महामंडळाच्या गृहनिर्माण योजनेत 96 दिवसांत 96 सदनिकांची इमारत उभी राहिली, तेव्हा तिचे जे कौतुक झाले ते अभियंत्यांच्या दृष्टीने रास्तच होते. परंतु वास्तुविशारद म्हणविणाऱ्या मंडळींनीही त्यात आपला सूर मिसळावा, आणि कारखान्यात ओतून आणलेल्या ज्या भिंतीला राहणाऱ्याने उद्या खिडकी पाडू म्हटले तरी पाडता येणार नाही तिच्याविषयी चकार शब्द काढू नये, हे पाहून प्रस्तुत लेखकास लेखणी उचलणे भाग पडले.

या व्यवसायाची तत्त्वे कोणती, असे विचारले की 1972 चा वास्तुविशारद अधिनियम आणि त्याखालील 1989 ची व्यावसायिक आचरणाची नियमावली पुढे केली जाते. सेवेची जाहिरात करू नये, दुसऱ्यास बाजूला सारून त्याचे काम पटकावू नये, ही तिच्यातील कलमे सभ्य गृहस्थांस शोभणारी आहेत. मात्र पर्यावरण आणि समाजहित यांचा मोघम निर्देश सोडला, तर घरात राहावयास येणारा माणूस, जो बहुधा वास्तुविशारदाचा अशील नसतोच, त्या दस्तऐवजात शोधून सापडत नाही.

तो सापडतो नवी मुंबईतच, बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीमध्ये. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात तेथे सात-सात घरे सुमारे आठ मीटरच्या चौकाभोवती मांडली, अशा तीन समूहांमध्ये आणखी एक मोठा चौक ठेवला, आणि 45 ते 75 चौरस मीटरच्या भूखंडांवर शेजाऱ्याशी सामाईक भिंत कोठेही येऊ दिली नाही, जेणेकरून ज्याला ऐपतीप्रमाणे घर वाढवावयाचे असेल त्याला दुसऱ्याची परवानगी मागावी लागू नये. आज त्यांतील कित्येक घरे पाडून काँक्रीटची झाली, कौले गेली, म्हणून हळहळणारे समीक्षक पुष्कळ आहेत. मला ती हळहळ अनाठायी वाटते, कारण घर बदलले तरी चौक टिकले, आणि आराखडा यशस्वी झाल्याचा याहून सबळ दाखला कोणता हवा! याच्या तुलनेत वास्तुविशारद राज रेवल यांची बेलापूरचीच वसाहत देखणी आहे, छायाचित्रात अधिक देखणी. हफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्या इमारतींचे दर्शनी भाग पाहून झाले म्हणजे पाहावयाचे काही उरत नाही.

परंतु वाढत्या घराचे हे बेलापूरचे तत्त्व खरे कसास लागले ते कोपरखैरण्यात, आणि तेही वास्तुविशारदाच्या गैरहजेरीत. मुंबईचे घाऊक बाजार खाडीपलीकडे हलले, त्यांमागोमाग आलेल्या माथाडी कामगारांना येथे जी लहान बैठी घरे मिळाली त्यांवर मुलाच्या लग्नाला एक मजला, भाडेकरूसाठी दुसरा, असे करीत गवंड्याच्या अदमासाने मजले चढले. जुन्या गावठाणात, ज्यांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या त्या आगरी कुटुंबांनीही गरजेपोटी तेच केले. यात गल्ल्या अंधारल्या, वाहने माईनाशी झाली, पायावर किती भार पडला याचा हिशेब कोणी ठेवला नाही, हे सर्व कबूल. म्हणून त्या रहिवाशांना अतिक्रमणखोर ठरवून मोकळे होणे मात्र मला मान्य नाही. कुटुंब वाढणार हे सर्वांस ठाऊक असता, ते वाढणारच नाही असे गृहीत धरून ज्यांनी आराखडे केले, बेकायदेशीरपणाचा मूळ पुरुष त्यांच्यात शोधला पाहिजे.

आता पुनर्विकासाचे वारे वाहू लागले आहेत आणि चटईक्षेत्राचा जास्तीत जास्त हिशेब जुळवून देणारा तो कुशल वास्तुविशारद, अशी व्यवसायाची व्याख्याच होऊन बसली आहे. मजल्यावर मजला चढवणाऱ्या गवंड्याला निदान घरमालकाच्या सुनेचे स्वयंपाकघर कोठे हवे हे माहीत होते. भूखंडासोबतच पुढील दोन मजल्यांचे नकाशे, पायाची ताकद, जिन्याची जागा आणि खिडकी कोणत्या अंगास काढू नये याची सनद मालकाच्या हाती दिली असती, तर महापालिकेवर नोटिसा बजावण्याची पाळी आली नसती. ही तजवीज उरलेल्या बैठ्या घरांसाठी आजही करता येण्याजोगी आहे. असले किरकोळ नकाशे काढणे आपल्या इभ्रतीस कमीपणाचे आहे असे ज्यांस वाटते त्यांनी इतकेच सांगावे, की पेडर रोडवरचा कांचनजंगा हा धनिकांचा मनोरा 1983 मध्ये पुरा करणाऱ्या कोरियांना त्याच सुमारास बेलापूरच्या 45 चौरस मीटरच्या भूखंडाचा कंटाळा कसा आला नाही?