छोट्या काश्मिरातली बासरी

आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. तिथल्या ‘छोटा काश्मीर’ बागेत परवा निवांत बसलो होतो. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ मोबाइलवर संगीत ऐकत होते. जपानी बांबूची बासरी आणि साथीला हार्प. ‘मनाला आराम पडतो,’ ते म्हणाले, आणि पाचच मिनिटांत घोरू लागले! बासरी आपली वाजतच होती. मला हसू आले. पण घरी येईपर्यंत एक प्रश्न छळत राहिला. संगीताने माणसाला झोपवावे की जागे ठेवावे?

ही जपानी बासरी म्हणजे शाकुहाची. आपल्या मुरलीसारखी आडवी नव्हे, उभी धरायची. भोके अवघी पाच. चार पुढे, एक मागे. एके काळी झेन पंथाचे भिक्षू तोंड झाकणारी टोपली डोक्यावर घालून ती फुंकीत. त्यांच्या लेखी ते ध्यानाचे साधन होते. झोपेचे खासच नव्हे. मिचिओ मियागी या अंध संगीतकाराने १९२९ साली शाकुहाची आणि कोतो हे तंतुवाद्य यांच्यासाठी ‘हारु नो उमी’, म्हणजे ‘वसंतातला समुद्र’, ही रचना केली. तीही शांत आहे. पण तिच्यात लाट हलते.

आपल्याकडे वेणू आणि तारा यांची अशीच भेट १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत झाली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीतर्फे ती घडवून आणली जी. एन. जोशी यांनी, मराठी भावगीताच्या आरंभीच्या गायकांपैकी एकाने. विषय काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेच्या अहिरभैरवापासून नटभैरव, पिलू, भूप, देस असे करीत शेवटी पहाडी.

ही जोडी जमते का? संतूरच्या तारेवर काडी पडली की सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. बासरीचा सूर श्वास असेतो टिकतो. एक पागोळी, दुसरी पाण्याची धार. संतूरने जिथे सोडले तिथून बासरी उचलते, आणि गिटारची मींड दोघांना सांधते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, खर्जाची बासरी घडवून ती मैफलीत आणली नसती, तर ही उचल तिला पेलली असती असे मला वाटत नाही.

दोषही सांगायला हवेत. भूप उमलू लागतो न लागतो तोच संपतो. आणि तो मेंढपाळ? वेष्टनावरची कथा न वाचता कोणाला तो सुरांत भेटेल, असे मला तरी वाटत नाही.

भेटतो तो दिवस. माझे वडील शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते. खोलीला पडदे, रात्र कोणती, सकाळ कोणती, कळेनासे झाले होते. झोप यावी म्हणून मी ही तबकडी लावीत असे. झोप काही येत नसे. पण भूप सुरू झाला की ते डोळे उघडून म्हणत, ‘दिवेलागण झाली का रे? आईला सांग, दिवा लाव.’ घड्याळात दुपारचे तीन वाजलेले असत. तरी आई उठून निरांजन लावी. हरवलेला दिवस त्यांना त्या सुरांत सापडत होता.

तेव्हापासून गुंगी आणणाऱ्या संगीताविषयी माझी तक्रार एवढीच, की त्यात वेळ कोणतीच नसते. पहाट नाही, तिन्हीसांज नाही. नुसता गोडवा. श्रमलेल्या माणसाला तोही हवा, हे मान्य. पण खऱ्या विसाव्यानंतर आपण कुठे आहोत हे अधिक स्पष्ट दिसले पाहिजे.

तर रसिकहो, यंदा फराळाची ताटे उचलली, पोरांचे फटाके संपले, की अंगणात पणती असताना यातला भूप एकदा लावा. सोबत घरातले सगळ्यांत म्हातारे माणूस बसवा. आणि ते काय म्हणते, तेही ऐका.