करंडक कुणाचा? जुन्या गोल्फ चषकांच्या संग्रहाविषयी

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरला गोल्फशी काय देणंघेणं? खरंय. मी गोल्फची स्टिक आयुष्यात हातात धरलेली नाही. पण अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कंट्री क्लबांचे चांदीचे चषक जमवणारी मंडळी आहेत, आणि ती म्हणतात, ‘आम्ही इतिहास जपतो.’ आज हे वाक्य तपासून बघू.

मुलाकडे बॉस्टनला गेलो असताना अशा एका संग्राहकाच्या घरी जाण्याचा योग आला. त्यांनी कपाटातून चषक काढला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर तो उलटा केला. तळाशी ‘स्टर्लिंग’ हा छाप होता. म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. मग घडवणाऱ्याची खूण. गोरहॅम, टिफनी ही त्यातली मोठी नावं. मी म्हटलं, आता सरळ करा, बाजूला काय कोरलंय ते वाचू या. ते म्हणाले, ‘ते फारसं ओळखीचं नाव नाही.’ माझा आक्षेप सुरू होतो तो इथे.

ॲरिस्टॉटलनं एक मार्मिक मुद्दा मांडलाय: मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांवर जास्त अवलंबून असतो. बघा, ब्रुकलाइनचा ‘द कंट्री क्लब’ १८८२ चा, शिनेकॉक हिल्स १८९१ चा. अशा क्लबात चषक दिला जायचा तेव्हा त्याला अर्थ होता, कारण समोर टाळ्या वाजवणारे होते. टाळ्या संपल्या, माणसं गेली. मग कपाटात उरलं काय? चांदी, आणि एक साक्ष. चांदीला किंमत असते. साक्षीचं तसं नाही, ती ऐकावी लागते.

आणि ही साक्ष अर्धवट आहे, हेही ऐकलं पाहिजे. १८९५ साली न्यूपोर्टला पहिली यू. एस. ओपन झाली. जिंकला होरेस रॉलिन्स, पोटासाठी खेळणारा. त्याला १५० डॉलर आणि एक सुवर्णपदक मिळालं. चषक मात्र वर्षभरासाठी त्याच्या क्लबाकडे गेला! पुढच्याच वर्षी शिनेकॉक हिल्सवर जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय आणि ऑस्कर बन हा शिनेकॉक जमातीचा तरुण खेळले. इतर खेळाडूंनी माघार घेण्याची धमकी दिली. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर ठाम राहिले, स्पर्धा झाली, शिपेन पहिल्या सहांत आला. त्या हिरवळीसाठी शिनेकॉक जमातीच्या मजुरांनी घाम गाळला होता. त्यांची नावं कुठल्या चषकावर शोधायची?

बायकांचं बघा. १८९५ मध्येच मेडो ब्रूकला अमेरिकेची पहिली महिला हौशी स्पर्धा झाली. विजेतीची नोंद सापडते ती ‘मिसेस चार्ल्स एस. ब्राउन’ अशी. बाईंचं नाव ल्यूसी. जिंकल्या त्या, नाव राहिलं नवऱ्याचं.

आता दुसरी बाजू. ती नाही मांडली तर अन्याय होईल. खुद्द क्लबांनी तरी काय सांभाळलं? हॅवमायर यांच्या नावाचा मूळ चषक १९२५ साली अटलांटाच्या ईस्ट लेक क्लबाच्या आगीत गेला. यू. एस. ओपनचा मूळ चषक १९४६ साली शिकागोजवळच्या टॅम ओ’शँटर क्लबाच्या आगीत गेला. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोचली, तेव्हा लोकांनी घरातली जुनी चांदी वितळायला दिली. अशा वेळी ज्यानं वेड्यासारखा एखादा चषक राखला, त्याचे आभारच मानले पाहिजेत. त्याच्या वेडाशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते चषक उलटा करूनच बघण्याच्या सवयीशी.

आपल्याकडे पुरुषोत्तम करंडक म्हटलं की कॉलेजातल्या पोरांच्या अंगात येतं. पण करंडक म्हणजे मुळात काय? डबी, काहीतरी ठेवायची वस्तू. कुंकवाचा करंडा तोच. चषक म्हणजे पिण्याचं भांडं. आपली भाषाच सांगते की हे भांडं आहे, यात काहीतरी असायला हवं.

म्हणून संग्राहकांना माझं सांगणं एवढंच. चकाकीसाठी घासू नका, घासून घासून कोरलेली अक्षरं बोथट होतात. आणि प्रत्येक करंडकात एक चिठ्ठी ठेवा. हे नाव कुणाचं, त्या दिवशी कोण खेळलं, कुणाला खेळू दिलं नाही, पिशवी कुणी वाहिली. जे कळेल ते लिहा, कळलं नाही तिथे जागा मोकळी सोडा. पुढे कुणीतरी भरेल.

असं झालं तर ‘आम्ही इतिहास जपतो’ हे वाक्य मी बिनतक्रार मान्य करीन. तोपर्यंत मी म्हणेन, तुम्ही भांडी जपताय. तेही वाईट नाही, पण त्याला इतिहास म्हणू नका.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.